हजेरीतली यमुना

दाभोळच्या जेटीवर बा थांबला तो थांबलाच, फेरीबोटीत आला नाही. माझी पत्र्याची पेटी त्यानं काठावरूनच आत सरकवली. पलीकडे धोपाव्याला उतरून मला वसतिगृहाच्या बाईंबरोबर एसटीनं रत्नागिरीला जायचं होतं, पाचवीला. मला वाटलं, आता तरी बा मायेचं काही बोलेल. तो वाकला आणि कानाशी म्हणाला, "यमुना म्हनून हाक मारली का लगेच हजर म्हन. इचार करत बसू नको." बोट सुटली आणि मी रडायला लागले. बाईंना वाटलं, पोरीला घर सुटल्याचं दुःख झालंय. मला दुःख नव्हतं, भीती होती. यमुना हे माझं नाव नव्हतं.

वाडीतल्या पोरींनो, आणि माझ्यासारख्या वाडी सोडून चिपळूण-पुण्याला गेलेल्या बायांनो, हे तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. पण आपण ते कधी बोललो नाही. मी लिहितेय. वाचून झालं की कागद चुलीत घाला.

माझं नाव बुधी. बुधवारची म्हणून बुधी, आईनं फार डोकं चालवलं नाही. यमुना माझी मोठी बहीण. मी पाचेक वर्षांची असताना घाटावरच्या कोळशाच्या भट्टीवर ती तापानं गेली. तिला तिथंच मातीत ठेवून आम्ही परत आलो. तिच्या जन्माची कुठं नोंद नव्हती आणि मरणाचीही झाली नाही. घरात तिचं नाव कुणी घेत नसे.

आपली कातकऱ्यांची वाडी दिवाळी झाली की रिकामी व्हायची. दाराला काटी लावायची, भांडी-पोरं गाडीत टाकायची आणि भट्टीवर जायचं, ते पावसाच्या तोंडावर परत. शाळा खाली गावात होती, पण आम्हाला तिचं काय? त्यात पोरींच्या काखेत धाकटं भावंड ठरलेलं. शेवटी सुमनकाकीनंच भांडण काढलं. सातवी शिकलेली अख्ख्या वाडीत ती एकटी. बैठकीत माणसं हसली, पोरी शिकून काय कलेक्टर होणार? काकी म्हणाली, "नको होऊ दे. गाडीवरची पाटी तरी वाचतील. आपल्याला कुठं नेतायत, ते तरी कळंल." मग कुणी हसलं नाही. वाडीनं ठरवलं, काकीनं पोरींना शिकवायचं, ज्या घरातली पोर तिच्या वर्गात, त्या घरातलं एक मोठं माणूस मागं राहील, आणि घरटी मूठभर तांदूळ काकीला. आमच्याकडून आई राहिली. काकीच्या पडवीत आम्ही अकरा पोरी जमिनीवर कोळशानं अक्षरं काढायचो. कोळशाला आमच्याकडे तोटा नव्हताच.

दीड वर्षानं गावच्या शाळेचे गुरुजी वर्ग बघायला आले. पोरी वाचतात हे पाहून माणूस खूश झाला. म्हणाले, वयाप्रमाणे थेट तिसरीत घेतो, नावं सांगा. आणि त्यांनी वही उघडली.

इथं आमचं सगळं बिनसलं. आईनं आम्हाला चालायच्या आधी काय शिकवलं असेल तर हे, की ज्याच्या हातात वही आहे, त्याला नाव सांगायचं नाही. जंगलात सरपण आणताना एकदा नाव लिहून घेतलं गेलं की दुसऱ्या दिवशी खाकी कपडे दारात. त्यामुळे गुरुजींच्या वहीसमोर अकरा पोरींची बोबडी वळली. एकीनं आजीचं नाव सांगितलं. एकीनं शेळीचं सांगितलं, ती चंद्री अजून कागदावर चंद्रीच आहे आणि सुखानं संसार करते. माझी पाळी आली तेव्हा मी मनात म्हटलं, असं नाव सांगावं की जिला धरायला कुणी येऊच शकणार नाही. मी म्हटलं, "यमुना."

काकीनं माझ्याकडे पाहिलं. तिचे ओठ हलले, पण ती बोलली नाही. पुढं बऱ्याच वर्षांनी तिनं सांगितलं, एकीचं खोटं निघालं असतं तर गुरुजींनी अकराही नावं खोडली असती. घरी कळल्यावर आईनं आधी फाडकन मुस्काटात मारली आणि मग मला पोटाशी धरलं. "निजलेली व्हती ती. तिला कशाला उठवलीस गो?" एवढंच ती म्हणत राहिली.

रत्नागिरीनं मला सगळं दिलं. नर्सिंगचा कोर्स, नोकरी, शिफ्ट, भाड्याची खोली, ओटीपी येणारा फोन. पूर्वी माझ्या अंगाच्या चिंबोऱ्यांच्या, म्हणजे खाडीतल्या खेकड्यांच्या, वासाला वसतिगृहातल्या मुली नाक मुरडत, आता त्याच वयाच्या मुली मला सिस्टर म्हणतात. पण सुट्टीच्या दिवशी मैत्रिणींबरोबर भाट्याच्या समुद्रावर वाळूत चालत असताना मागून कुणी "यमुना" म्हणून ओरडलं, तर अजून क्षणभर मी वळून बहिणीलाच शोधते. मला वाटतं, ती आली.

गेल्या वर्षी माझी सरकारी नोकरीसाठी निवड झाली आणि जातीच्या दाखल्याची पडताळणी निघाली. चौकशीला माणसं वाडीवर जाणार होती. माझी एकटीची नोकरी गेली असती तर परत खाडीत चिंबोऱ्या धरायला उतरले असते. पण माझं नाव खोटं निघालं की त्या हजेरीतल्या बाकीच्या दहाजणी निघणार, चंद्री निघणार, आणि काकीच्या पडवीत आज बसतात त्या पोरींना पुन्हा कोण दाखल करून घेणार? मी रजा टाकून वाडीवर गेले.

दोन साहेब आले, हातात फायली. फाईल दिसली की जंगलात पळणारी आपली वाडी त्या दिवशी जागची हलली नाही. म्हातारी माणसं ओळीनं बसून राहिली, घाबरलेली, पण बसून. साहेब वाईट नव्हता. त्यानं कोरा चहा घेतला, आईला मावशी म्हणाला. ही कोण? माझी लेक. नाव? "यमुना," आई म्हणाली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिच्या तोंडून ते नाव ऐकलं. काकीनं मान डोलावली, तिच्यामागं सगळ्यांनी.

मग त्यानं सहज विचारलं, "हिच्या पाठीवर कोणी नाही?"

मी आईकडे बघूच शकले नाही. नाही म्हणून ती मोकळी झाली असती. पण भट्टीवरची जुनी माणसं दोन पोरींची गोष्ट जाणून होती, आणि आईला वाटलं असणार, हा तिथंही विचारेल. ती म्हणाली, "व्हती एक. बुधी. भट्टीवर तापानं गेली." आणि ती रडायला लागली. खोटं नाही, खरंच रडली, छाती पिटून. साहेबानं पेन थांबवलं, मान खाली घातली, आणि मग तेही लिहून घेतलं.

दाखला आला. मला नोकरी लागली. काकीचा वर्ग चालू आहे, यंदा चौदा पोरी आहेत.

माझ्यासाठी घर म्हणजे चूल नव्हती की वाडी नव्हती. घर म्हणजे एकच जागा, जिथं मला बुधी म्हणत. बाहेर दिवसभर यमुना होऊन राहायचं, पण तिकडं कुणीतरी बुधीला ओळखतंय, या जोरावर मी इतकी वर्षं काढली. त्या दिवसापासून वाडीत मला सगळे यमुना म्हणतात. बासुद्धा म्हणतो.

परवा गेले तेव्हा आईबरोबर चिंबोऱ्या धरायला खाडीत उतरले. ओहोटी होती, लांबवर माणूस नव्हतं. मी म्हटलं, "आई, इथं कोण ऐकतंय? एकदा बुधी म्हण ना."

आई चिखलात तशीच उभी राहिली. तिनं दोन्ही काठांकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "नको बाय. त्या सायबानं लिवलंय."