बांगड्यातली कॅप्सूल

कॅप्सूलचं पाकीट फोडलं की तो कुबट वास येतो आणि मला आमचं मांडवीच्या घराचं मागलं दार दिसतं. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आखातात नोकरीला असलेले काका सुट्टीवर येताना बिस्किटांच्या डब्यातून अँटिबायोटिकच्या कॅप्सूल आणत आणि आई त्या पुरवून पुरवून वापरी. आमच्या कुत्रीच्या पाठीवर गळू फुटलं, तेव्हा आईनं मागल्या दारात कॅप्सूल बांगडा माशाच्या तुकड्यात खुपसून तिला चारली. जखम जरा सुकली की डबा बंद. “ऱ्हाऊ देत उरलेल्या, माणसांना लागतील,” ती म्हणे. पुन्हा पू आला की पुन्हा डबा उघडे. असं वर्षभर चाललं. शेवटी पाठ सोलल्यासारखी झाली, तेव्हा आम्ही तिला गोणपाटात घालून गुरांच्या दवाखान्यात नेलं. तिथले डॉक्टर रोज इंजेक्शन देत, पण पू काही थांबेना. एका सकाळी त्यांनी सुई खाली ठेवली. “वहिनी, अर्धवट औषधं खाऊन हे जंतू निर्ढावलेत. माझ्याकडचं कुठलंच औषध त्यांना आता लागू पडत नाही.”  घरी येऊन आईनं डबा काढला आणि होत्या नव्हत्या त्या सगळ्या कॅप्सूल बांगड्यात भरल्या. कुत्रीनं मान उचलली नाही. नुसती शेपटी हलवली आणि आईच्या हातातला तुकडा चाटत राहिली. आता माझ्या आजारपणात बरं वाटू लागलं तरी मी पाकिटातली शेवटची कॅप्सूल गिळते. पाण्याबरोबर बांगड्याची चव येते.