सोमवारचा आवाज

बाईंचं सोमवारचं पहिलं पान नेहमी वाया जायचं. शनिवार-रविवार कुणाशी बोलणंच व्हायचं नाही, मग आवाजाला गंज चढायचा. परगावच्या मुलाचा मोबाइलवर निरोप यायचा, 'ठीक ना?' बाई अंगठ्याचं चित्र पाठवायच्या. त्याला आवाज लागतो कुठे?

शाळेतली नोकरी संपली, पाठोपाठ यजमान गेले, तेव्हापासून बाई अंधांच्या ग्रंथालयासाठी पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करून द्यायच्या. भिंतींना गाद्या ठोकलेली एवढीशी खोली, काचेपलीकडे ध्वनिमुद्रक. पन्नाशी उलटलेला, तोंडाने फटकळ.

"गरम पाणी घ्या बाई, घशाचं दार करकरतंय."

"दारच जुनं आहे, त्याला काय करू?"

सध्याचं पुस्तक फार जुन्या काळातल्या बायकांच्या भक्तिकवितांचं होतं. बाईंना वाटलं होतं, देवाला आळवणं असेल, थोडं रडणं असेल. पण या बायका देवाला चक्क कोंडीत पकडत होत्या. एकीने विचारलं होतं, तू माझ्यातच आहेस म्हणतात, तर मी हाक मारते ती कुणाला? प्रस्तावनेत त्यावर पानंच्या पानं द्वैत-अद्वैताची चर्चा होती. बाईंनी तीही मन लावून वाचली, पटलीही. कविता वाचताना मात्र त्या प्रश्नापाशी थांबल्या. चांगल्याच थांबल्या. मग पुढची ओळ घेतली.

दुसऱ्या दिवशी तपासायला ऐकलं, तर प्रश्न संपतो न संपतो तोच पुढची ओळ हजर.

"माझं थांबणं कुठे गेलं?"

"कापलं. एवढा वेळ आवाज नसला की लोक फोन करतात, यंत्र बंद पडलं म्हणून."

"अरे, ती विचारतेय! विचारून लगेच पुढे जायला ती काय वर्गात हजेरी घेतेय?"

"पण पुढेही उत्तर नाहीच ना बाई."

"म्हणूनच तर." बाई जरा घुटमळल्या. "घरी माझ्या तोंडून अजून जातं, 'चहा टाकू का?' मग मी थांबते. तशीच पुढच्या कामाला लागले, तर भिंतीशीच बोलल्यासारखं होईल."

ध्वनिमुद्रकाने कापलेला तुकडा शोधला, जागेवर बसवला आणि ऐकवला. प्रश्न. मग शांतता. तिच्यात बाईंचा श्वास आणि एकदा खुर्चीची कुरकुर.

"एवढं तरी साफ करू?"

"राहू दे. इकडे कुणीतरी बसलंय, एवढं कळू दे ऐकणाऱ्याला."

संध्याकाळी बाईंनी घराचं कुलूप काढलं. "आले हं," त्या आत बघून म्हणाल्या आणि एक चप्पल पायातच ठेवून उंबऱ्याशी थोडा वेळ उभ्या राहिल्या.