घासलेला नया पैसा

शेजारच्या काकांचं ते नाणं मी घासलं, हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही. आता काका नाहीत, मी पन्नाशी ओलांडली आहे, आणि मुळातच मी कमी बोलणारा. तेव्हा लिहूनच टाकतो. पण आधी काका कळायला हवेत, नाहीतर एक नाणं घासण्यात एवढं काय, असं तुम्ही म्हणाल.

म्हातारं व्हायला इतका उत्सुक माणूस अख्ख्या रत्नागिरीत दुसरा झाला नसेल. पहिला पांढरा केस दिसला तेव्हा काकांनी म्हणे काकूंना हाक मारून आरशासमोर उभं केलं होतं. "बघ, रंग चढायला लागला!" एसटीच्या डेपोत उभी नोकरी कॅशियर म्हणून झालेली. कंडक्टरांच्या पिशव्यांतली नाणी मोजता मोजता त्यांना नाण्यांचं वेड लागलं, आणि मग माणसंही नाण्यांसारखीच दिसायला लागली. निवृत्तीनंतर दर गुरुवारी ते एसटीने हातखंब्याला जायचे आणि तिठ्यावरच्या टपरीवाल्याकडून शंभराचे सुटे घेऊन यायचे. का, तर महामार्गावरून परमुलखातली नाणी येतात. मासळीबाजारात परत मिळालेलं प्रत्येक नाणं उन्हात धरून, उलटंसुलटं करून बघायचे. मागे गिऱ्हाइकांची रांग. एकदा कोळीण वैतागून म्हणाली, "ओ काका, बांगडे बघा की जरा! पैशे काय, माझेच हत." काका शांतपणे म्हणाले, "बाई, बांगडा ताजा लागतो. नाणं शिळं लागतं."

नाणं धरायचं ते फक्त काठाला, असा त्यांचा दंडक. माझा मुलगा झाला तेव्हा बघायला आले आणि त्यालाही दोन्ही बाजूंनी काठाला धरून उजेडाकडे नेलं. "कोरा आहे," म्हणाले. "एक ओरखडा नाही. वाईट वाटतं रे बघून." आंघोळीनंतर पंच्याने अंग पुसायचे नाहीत, नुसतं टिपायचे, घासल्याने माणसाचा वरचा थर जातो म्हणे. आमच्या ऑफिसातल्या साहेबांनी केस काळे केले तेव्हा भर लग्नात, पंगतीत, काका माझ्या कानात कुजबुजले, "घासलेलं नाणं. किंमत निम्मी." कुजबूज अशी, की साहेबांचा घास हातात राहिला.

या सगळ्याच्या मुळाशी होते दोन नये पैसे. नवे पैसे चालू झाले तेव्हा काका मॅट्रिकला होते, आणि वडिलांनी त्यांना एकसारखी, चकचकीत, नखाएवढी दोन नाणी दिली होती. एक काकांनी खिशात ठेवलं, दुसरं कागदात गुंडाळून पत्र्याच्या डबीत. खिशातल्यावर दिवसभर अंगठा फिरायचा, त्यामुळे त्यावरची अक्षरं पार पुसून ते चिंचोक्यासारखं गुळगुळीत झालं होतं. डबीतलं इथल्या खाऱ्या हवेत हळूहळू तपकिरी, मग काळपट झालं, आणि कडेला मोरपंखी झाक आली. दर वाढदिवसाला सकाळी काका पडवीतल्या झोपाळ्यावर दोन्ही शेजारी ठेवायचे. त्या वेळी हजर राहण्याचा मान शेजारी म्हणून मला. "झिजणं वेगळं आणि पिकणं वेगळं," ते सांगायचे. "झिजतो तो लोकांच्या हातात. पिकतो तो आपल्या जागी बसून. दोन्ही नीट जमलं पाहिजे."

आतून काकू विचारायच्या, "आणि मी हो कशातली?"

"तू पूजेतला तांब्या. दर सोमवारी लख्ख."

"तो लख्ख करते कोण? तुम्ही घासलायत कधी जन्मात?"

काकू सारातली आमसुलं पिळून वाटीत ठेवायच्या आणि सोमवारी त्याच आमसुलांनी पूजेची तांब्याची भांडी घासायच्या. त्यांची बोटं कायम लालसर.

काकांची पंचाहत्तरी आली. छोटा समारंभ करायचा ठरलं आणि फलक माझ्याकडे आला. त्यावर त्या डबीतल्या नाण्याचा फोटो घालावा, असं मला सुचलं. काका हातखंब्याला गेलेले, काकू दुपारच्या पडलेल्या. मी डबी उघडली, मोबाईलने फोटो काढला, तर नुसता काळा ठिपका. मोरीच्या कट्ट्यावर आमसुलांची वाटी होती. दोन मिनिटं लागली. वीस वर्षं रोज ऐकत होतो तरी मी हे केलं, कारण मला मनातून वाटायचं की हा सगळा काकांचा शौक आहे, चकाकी कुणाला नको असते? नाणं गुलाबी, लखलखीत झालं. मी फोटो काढला, आणि मगच काय करून बसलो ते कळलं. नाणं कागदात गुंडाळून डबीत ठेवलं, आणि तो फोटो फलकावर घातलाच नाही.

वाढदिवसाच्या सकाळी काकांनी कागद उलगडला. नाणं काठाला धरून उजेडाकडे नेलं. मग स्वयंपाकघराकडे वळून म्हणाले, "हे तू केलंस?"

काकू पदराला हात पुसत आल्या. त्या वर्षी त्यांचं थोडं विसरायला होत होतं. चहात दोनदा साखर, दूध उतू जाणं, एवढंच. त्यांनी नाणं बघितलं, मग स्वतःची बोटं बघितली. "केलं असेल हो मीच," त्या म्हणाल्या. "हल्ली माझं काही खरं नाही."

माझ्या हातात चहाचा कप होता. मी चहा प्यायलो.

काका ओरडले असते तर बहुतेक मी बोललो असतो. ते ओरडले नाहीत, घाबरले. दुसऱ्याच दिवशी काकूंना डॉक्टरकडे घेऊन गेले. गॅसचं बटण काढून स्वतःकडे ठेवायला लागले. आमसुलांची बरणी वरच्या फळीवर गेली. काकू झोपाळ्यावर नुसत्या बसून राहायला लागल्या, आणि विचारलं की म्हणायच्या, "नको रे बाबा, माझ्या हातून बिघडेल." आज ना उद्या त्या विसरणारच होत्या, असं मी स्वतःला सांगत आलो. पण त्यांचा स्वतःवरचा विश्वास त्या सकाळी गेला, आणि तो मी घालवला.

त्यानंतर दर सोमवारी काका पूजेचा तांब्या घासायला बसायचे. काठाला धरून, जन्मात कधी न केलेलं काम, धोतरावर आमसुलाचे डाग. ते नाणंही त्यांनी खिशात टाकलं. "आता ठेवण्यात अर्थ नाही," म्हणाले. "हेही वापरूया."

काका चार वर्षांपूर्वी गेले. काकूंजवळ आता त्यांची भाची असते. तिने ती दोन्ही नाणी मला आणून दिली. "तुम्हालाच यातलं कळतं, असं मामा म्हणायचे." घासलेलं नाणं माझ्या कपाटात पुन्हा काळवंडायला लागलंय. कडेला थोडी झाकही आहे, पण ती मोरपंखी नाही.

दर रविवारी मी काकूंकडे जातो. त्या मला ओळखत नाहीत, काकांचं नावही त्यांना आठवत नाही. गेल्या रविवारी मात्र स्वतःची बोटं निरखत म्हणाल्या, "माझ्या हातून काहीतरी मोठं बिघडलं होतं ना रे?"

मी म्हणालो, "नाही हो काकू." तेवढंच म्हणालो.

काकू, ते नाणं तुम्ही घासलं नाहीत, मी घासलं. एवढं वाक्य, त्यांच्या समोर बसून, त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, मी त्यांचं देणं लागतो.