नाखवाबाईंचं कासव

पोलीस भरतीच्या मैदानावर मंजुळा नाखवा धावण्यात पहिली आली, गोळाफेकीत दुसरी, आणि उंचीच्या पट्टीखाली बोटभर कमी भरली. मोजणाऱ्या हवालदाराने समजूत घातली, "पोरी, पुढच्या वर्षी वाढून ये."

"मी येते, पण तुम्ही पण पट्टी जरा खाली ठोकून घ्या," मंजुळा म्हणाली.

पुढच्या वर्षी पट्टी होती तिथेच होती आणि मंजुळाही. मग तिने शारीरिक शिक्षणाचा कोर्स केला आणि ठाण्यातल्या एका हायस्कुलात कवायतीच्या जागेवर लागली. चेंदणी कोळीवाड्यातली मंजू त्या दिवसापासून नाखवाबाई झाली. खाकी अंगावर आली नाही याचा त्यांनी फार शोक केला नाही. नववीच्या मुलांसाठी आर.एस.पी. म्हणजे रस्ता सुरक्षा पथकाचा ऐच्छिक विषय होता, तो मागून घेतला आणि त्यात आपलं आख्खं पोलीस खातं बसवलं. मुलं नाक्यावर शिट्ट्या फुंकून रिक्षा अडवत, खोट्या चोरीचा खरा पंचनामा लिहीत, आणि 'घटनास्थळ' हा शब्द घरी जेवतानाही वापरत.

एकोणीसशे एकोणनव्वद साली शाळेत सरकारी योजनेतून दोन कॉम्प्युटर आले. मुख्याध्यापिका दामलेबाईंनी त्यांच्यासाठी एक खोली रिकामी केली, पडदे लावले, सतरंजी घातली आणि चपला बाहेर काढण्याची पाटी लावली. यंत्रांची पूजा झाली. एक यंत्र पूजेच्या दिवशीच बंद पडलं, बहुधा हळदकुंकू बटणांच्या फटीत गेल्यामुळे. दुसरं चालत होतं. त्याला स्वतःचा पडदा नव्हता. एक रंगीत टीव्ही जोडायचा आणि त्यावर अक्षरं बघायची, अशी व्यवस्था होती.

कॉम्प्युटर हा आता नववीचा नवा ऐच्छिक विषय होणार होता, आणि त्याला तास हवे होते. दामलेबाईंनी नाखवाबाईंना बोलावून घेतलं.

"शनिवारचे तुमचे दोन तास कॉम्प्युटरला द्यावे लागतील. आर.एस.पी. बंद."

"मग माझे तास कमी पडतील, बाई."

"हो. म्हणजे तुम्ही अतिरिक्त ठराल. पण काळजी करू नका, संस्था कोणाला रस्त्यावर टाकत नाही. शीळफाट्याच्या आतल्या बाजूला आपली शाळा आहे ना, तिथे सामावून घेऊ."

ती शाळा नाखवाबाईंनी एकदा क्रीडास्पर्धेच्या निमित्ताने पाहिली होती. फाट्यावरून आत बरंच चालायचं. दिवसाला दोन एसट्या. आणि रस्त्यावर वाहतूक म्हणजे म्हशी. दहा वर्षं घालून उभं केलेलं पथक मोडायचं आणि तिकडे जाऊन म्हशींना हात दाखवायचा, या कल्पनेने त्यांना त्या दिवशी जेवण गेलं नाही. आई ठमाबाई बाजारातून मासळीची रिकामी पाटी घेऊन आली. सगळं ऐकून म्हणाली, "कनाला रडतंस गो? त्यो कंपूटर कोन शिकवनार हाय, त्याला पकड."

शिकवणार होते मधु केतकर सर. गणिताचे शिक्षक, राहणार डोंबिवली, निवृत्तीला दोन वर्षं. कल्याणच्या एका कॉलेजात त्यांचं दहा दिवसांचं प्रशिक्षण झालं होतं. तिथून ते एक जाड पुस्तक आणि एक पक्की भीती घेऊन परतले होते.

"पुस्तक मला सगळं कळतं हो," ते नाखवाबाईंना म्हणाले. "पण बटण दाबायला हात पुढे होत नाही. उद्या काही जळलं तर पेन्शनमधून कापतील."

"तुम्ही दाबू नका. तुम्ही बोला, मी दाबते."

"आणि जळलं तर?"

"तर मी अशिक्षित. तुम्ही कुठे अडकताय?"

केतकर सरांना हा युक्तिवाद गणितापेक्षा सोपा वाटला. नाखवाबाई थेट दामलेबाईंकडे गेल्या आणि कॉम्प्युटर आपण घेतो म्हणाल्या.

"तुम्हाला येतो?"

"नाही. या शाळेत कोणाला येतो?"

दामलेबाईंनी वेळापत्रक पुढे ओढलं. शेवटी ठरलं ते असं: दोन्ही विषय एकाच तासात नाखवाबाईंनी घ्यायचे, केतकर सरांनी मदत करायची. जानेवारीत शिक्षण खात्याचे तपासनीस येतील. त्यांनी मान्य केलं तर चालू ठेवायचं. नाही केलं तर जूनमध्ये शीळ.

पुस्तकात मुलांसाठी एक सोपी भाषा दिली होती. पडद्यावर एक कासव असतं. 'फॉरवर्ड पन्नास' लिहिलं की ते पन्नास पावलं जातं आणि मागे रेघ ओढतं. 'राइट नव्वद' लिहिलं की काटकोनात वळतं. मात्र लिहून भागत नाही. 'रिटर्न' नावाचं बटण दाबल्याशिवाय कासव जागचं हलत नाही.

नाखवाबाईंनी हे ऐकलं आणि मांडीवर थाप मारली. "अहो सर, ही तर कवायत! 'दाहिने' म्हटलं की पोरं कान टवकारतात, 'मूड' म्हटल्यावर वळतात. हे रिटर्न म्हणजे आपलं 'मूड'!"

"तसं म्हणता येईल," केतकर सर जपून म्हणाले.

"मग तुमच्या त्या खोलीत चाळीस पोरं कशाला कोंबायची? चला मैदानात."

पुढच्या शनिवारपासून मैदानात कासव फिरू लागलं. कासवाच्या हातात फक्कीचा डबा, डब्याला बुडाशी भोक. एक मुलगा हुकूम देई, दुसरा 'रिटर्न' ओरडे, आणि कासव चालत चालत चुन्याचा चौकोन काढी. उत्तम कासव होती चित्रा लिमये. वडील बँकेत, त्यांना मुलीने कॉम्प्युटर हा विषय घ्यावा असं वाटे, मुलीला शिट्टी हवी होती. ती सांगितलं तेवढंच करी आणि न सांगितलेलं काही केल्या करत नसे. घरी या गुणाला हट्टीपणा म्हणत. केतकर सरही खुलले. मैदानाच्या कडेला छत्री टेकून ते नियम सांगत. त्यातला एक मुलांना फार आवडला: कासव पडद्याच्या उजव्या कडेबाहेर गेलं, तर ते हरवत नाही, डाव्या कडेने पुन्हा आत येतं.

जानेवारीत तपासनीस श्रीपाद सबनीस आले. कडक इस्त्री, हातात फाइल. दामलेबाईंनी त्यांना चपला काढायला लावून कॉम्प्युटरच्या खोलीत नेलं. यंत्र टेबलावर होतं. टेबलाच्या उरलेल्या जागेवर धुळीत एक स्वच्छ चौकोन उमटला होता, टीव्हीच्या बुडाच्या मापाचा.

"पडदा कुठे आहे?" सबनीसांनी विचारलं.

पडदा आदल्या रविवारपासून संस्थेच्या एका विश्वस्तांच्या माजिवड्याच्या घरी होता. त्यांच्या पुतणीच्या लग्नाची कॅसेट आली होती आणि पाहुणे ती पुनःपुन्हा बघत होते. हे दामलेबाईंना माहीत होतं, आणि सांगता येत नव्हतं. त्यांनी नाखवाबाईंकडे पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्या नजरेत विनंती होती.

"साहेब, आमचा पडदा मैदानात आहे," नाखवाबाई म्हणाल्या. "लहान पडद्यावर मागच्या पोरांना दिसत नाही."

मैदानात वर्ग तयार होता. अर्धी मुलं पथकाच्या वेषात उजवीकडच्या फाटकाजवळ, अर्धी रांगेत, आणि डाव्या भिंतीला पाठ लावून, डबा घेऊन चित्रा. एक चौकोन झाला, एक त्रिकोण झाला. सबनीसांचा चेहरा काही बदलला नाही.

"बाई, ही कवायत आहे. याला कॉम्प्युटर कसं म्हणायचं?"

"तुम्ही स्वतः कमांड देऊन बघा ना, साहेब."

सबनीस कॉलेजात एन.सी.सी.त होते. त्यांनी छाती पुढे काढली. "फॉरवर्ड शंभर!"

चित्रा हलली नाही. त्यांनी पुन्हा हुकूम दिला, मोठ्याने. ती शांतपणे समोर बघत राहिली. रांगेत कोणीतरी खुदकन हसलं.

"रिटर्न दाबलं नाहीत, साहेब," केतकर सर अदबीने म्हणाले.

"रिटर्न!" सबनीस गरजले.

चित्रा निघाली. मैदान चाळीस पावलांचं होतं. हे सगळ्या शाळेला माहीत होतं, सबनीसांना सोडून. चाळीस झाली तशी ती फाटकातून सरळ रस्त्यावर गेली. पथक तिच्यापुढे धावलं, शिट्ट्या वाजल्या, दोन्हीकडच्या रिक्षा करकचून थांबल्या.

"अरे! थांब! थांब म्हणतो ना!" सबनीस ओरडले.

"थांब हा शब्द या भाषेत नाही, साहेब," नाखवाबाई म्हणाल्या.

"मुलगी गेली कुठे? जबाबदार कोण?"

"डावीकडून येईल," केतकर सर म्हणाले आणि घड्याळाकडे न बघता चष्मा पुसू लागले.

शाळेला वळसा घालणाऱ्या गल्लीतून शिट्ट्या ऐकू येत राहिल्या. मग मुतारीशेजारी डाव्या भिंतीला भगदाड होतं, त्यातून चित्रा आत आली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "एक्केचाळीस."

"बाहेरची पावलं धरायची नसतात," केतकर सरांनी खुलासा केला.

ऐंशीला ती पुन्हा फाटकाबाहेर गेली. या खेपेला भगदाडातून परतली तेव्हा तिच्या मागोमाग नाक्यावरचे हवालदार महिपत शिंदे वाकून आत शिरले. टोपीला चुना लागला होता. चित्रा शंभर म्हणून तपासनिसांच्या समोर थांबली. हवालदारही थांबले.

"नाक्यापर्यंत गाड्या लागल्यात. एकदा नाही, दोनदा. कोणाच्या हुकमाने?"

मैदानातल्या सगळ्या मुलांनी सबनीसांकडे पाहिलं.

नाखवाबाई मध्ये पडल्या. "हवालदारसाहेब, हा शिक्षण खात्याचा मान्य विषय आहे. कॉम्प्युटर आणि वाहतूक, एकत्र. खात्याचे साहेब जातीने हजर आहेत. मान्य आहे ना, साहेब?"

सबनीसांनी हवालदारांकडे पाहिलं. हवालदारांनी खिशातून पेन्सिल काढली होती आणि ते तिचं टोक जिभेला लावत होते.

"मान्य आहे," सबनीस म्हणाले.

"पोलिसांसमोर बोललात, बरं झालं," नाखवाबाई म्हणाल्या. "आता फाइलमध्येही तेवढं लिहा, म्हणजे यांची पण खात्री होईल."

सबनीसांनी उभ्या उभ्याच लिहिलं. हवालदारांनी खांद्यावरून डोकावून वाचलं, सलाम ठोकला आणि रिक्षा सोडायला गेले. दामलेबाईंनी चहा मागवला. टीव्हीचा विषय कोणी काढला नाही.

निघताना सबनीस फाटकाशी रेंगाळले. "बाई, खरं सांगा. मी शंभर म्हणेन हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"नाही, साहेब. मोठ्या पदावरचा माणूस दहा म्हणणार नाही, एवढंच ठाऊक होतं."