नवी लेन्स भावाला

राहात्याच्या पेठेत आमचा फोटो स्टुडिओ होता. वडील, म्हणजे आमचे अण्णा, फोटो काढायचे आणि मी मागच्या अंधारखोलीत ते धुऊन छापायची. मॅट्रिकनंतर मला पुढं शिकवायचं नाही असं घरात ठरलं, तेव्हा अण्णा म्हणाले होते, "हिचा हात हलका हाय. हिला आपल्या कामात घेतो." त्याला चार वर्षं झाली होती. कुठल्या नवरीच्या गालावर किती सेकंद उजेड द्यायचा, हे मी लाल दिव्यात नुसत्या नजरेनं सांगायची.

धाकटा भाऊ माझ्याहून दोन वर्षांनी लहान. अकरावीला गचकला आणि घरी बसला. त्याला स्टुडिओत उभं राहायचाही कंटाळा.

बहात्तर-त्र्याहत्तरचा तो हिवाळा. अण्णांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. डॉक्टर म्हणायचे, अजून पिकला नाही, थांबा. फोकस लावताना अण्णांचा अंदाज चुकू लागला. मला वाटलं, आता कॅमेरा माझ्या हातात येणार. दुसरं होतं कोण?

अण्णा मुंबईला गेले आणि ओळखीच्या दुकानदाराकडून जपानी कॅमेरा घेऊन आले. सोबत पन्नास मिलिमीटरची नवी लेन्स. साध्या नजरेला दिसतं तेवढंच दाखवणारी, रोजच्या कामाची. तशीच जर्मन लेन्स अण्णांच्या जुन्या कॅमेऱ्याला वीस वर्षं होती. पण नवीची काच तिरकी धरली की तिच्यात हिरवी-जांभळी झाक उठायची, मोराच्या मानेसारखी. जुनीवर नुसता फिका निळा रंग, तोही कडेला पुसलेला. अण्णांनी पेटी उघडली आणि कॅमेरा सरळ भावाच्या गळ्यात घातला.

"आन मी?" मी विचारलं.

"तुला जुना हाय की. घरातल्या घरात बास हाय."

त्या दिवशी भाकरी करताना तव्यावर हात भाजला तरी मला कळलं नाही, इतकी आतून पेटले होते. भाऊ अंगणात कॅमेरा घेऊन शेरडाचे फोटो काढत होता. मला त्याचं हसणंसुद्धा सहन होईना.

आठवड्यानं अण्णांनीच टूम काढली. दोन्ही लेन्सचे आटे एकच होते, जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्यावर बसायची. "एकाच रोलवर दोन्हीनं काढा," ते म्हणाले. "बघू तर खरं, वीस वर्षांत काचंत काय फरक पडला."

भावानं तिपाई लावली. आधी समोरच्या किराणा दुकानाची पाटी, मग आमच्या दारात बसलेली आई, पाठीमागून उन्हाची तिरीप. प्रत्येक फोटो एकदा नवीनं, एकदा जुनीनं.

मी प्रिंट काढले. नवीच्या फोटोत पाटीवरचं कोपऱ्यातलं बारीक अक्षरही वाचता येत होतं. जुनीत मधलं अक्षर चांगलं, कडेची अक्षरं भिजल्यासारखी. आईच्या फोटोत तर फरक लपण्यासारखा नव्हता. जुनीत मागचा उजेड सगळ्या फोटोवर दुधासारखा पसरला होता, काळं लुगडं राखाडी दिसत होतं. नवीत लुगडं काळंभोर आणि कपाळावरचं गोंदण स्पष्ट. जुनीचा एकच गुण होता. तिच्यात आईच्या तोंडावरच्या सुरकुत्या मऊ झाल्या होत्या, ती दहा वर्षांनी लहान दिसत होती.

अण्णांनी प्रिंट डोळ्यांजवळ नेले, लांब धरले, उन्हात नेले. मग थकून माझ्याकडे दिले.

"मला न्हाई कळत. तू सांग. तुझ्या नजरंवर माझा भरवसा हाय."

भाऊ दारात उभा होता.

"जुनी चांगली," मी म्हणाले. "नवीत तोंड दगडावानी दिसतं. धारही न्हाई."

अण्णा खुलले. कितीतरी महिन्यांनी ते मोठ्यानं हसले. "म्हनलं न्हवतं? जर्मन काच ती!" शेजारच्या शिंप्याला हाक मारून त्यांनी ते सांगितलं. भावानं माझ्याकडे पाहिलं. प्रिंट त्यानंही पाहिले होते.

मला वाटलं होतं, नवी लेन्स वाईट ठरली की अण्णांचं मन त्या कॅमेऱ्यावरून उडेल आणि तो माझ्याकडे येईल. तसं झालं नाही. कॅमेरा भावाकडेच राहिला. अण्णांनी फक्त त्याच्यावर जुनी लेन्स चढवली आणि नवी कपाटात ठेवली.

पुढच्याच महिन्यात सोनईचं एक लग्न मिळालं. गोरज मुहूर्त, मांडवाचं तोंड पश्चिमेला. मावळतं ऊन कॅमेऱ्याच्या समोरून, त्यात गॅसबत्त्या पेटवलेल्या. भाऊ रोल घेऊन आला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता.

अंधारखोलीत पहिला प्रिंट डिशमध्ये उमटू लागला. नवरीच्या तोंडावर धुकं. बत्तीची गोल वलयं तिच्या मुंडावळ्यांवरून खांद्यापर्यंत उतरलेली. मी काळं-पांढरं ठळक करणारा कडक कागद वापरला, वेळ वाढवला, हाताची सावली धरली. दहा कागद वाया घालवले. नवरी काही बाहेर येईना.

मुलीचा बाप फोटो घ्यायला आला. त्यानं आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. तो फोटो उलटेपालटे करत एवढंच म्हणाला, "पोरीचं तोंडच न्हाई हो ह्यात."

अण्णांनी त्याच्यासमोर भावाला झापलं. भाऊ खाली मान घालून म्हणाला, "माझा हात हालला."

मुलीचा बाप गेल्यावर मी भावाला विहिरीवर गाठलं. "खोटं का बोललास? तुला ठाऊक हाय कशानं झालं ते."

"व्हय, ठाऊक हाय."

"मग माझं नाव का न्हाई घेतलंस?"

त्यानं बादली ओढून घेतली. "ताई, तू जुनी चांगली म्हनालीस तवा अण्णा किती हसले. मला न्हाई मोडवलं."

मला लाज वाटायला हवी होती. वाटलीही, पण त्याहून जास्त मत्सर वाटला. कॅमेरा त्याच्याकडे, लेन्स त्याची, आणि आता चांगुलपणाही त्याचाच. माझ्यासाठी काही शिल्लकच ठेवलं नव्हतं त्यानं.

उन्हाळ्यात नगरला अण्णांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. जाड भिंगाचा चष्मा आला. घरी आल्यावर दोन दिवस ते कॅलेंडरवरच्या तारखाच वाचत बसले. तिसऱ्या दिवशी त्यांनी खणातून ते दोन लेन्सचे प्रिंट काढले आणि मला बोलावलं.

"पोरी, हे तुला दिसलं न्हाई?"

"दिसलं."

"मग?"

"मला पायजे हुता त्यो कॅमेरा." पहिल्यांदाच हे माझ्या तोंडातून बाहेर पडलं.

अण्णांनी चष्मा काढून पुसला. "मागायचा हुतास."

"दिला असता?"

खोटं बोलणं सोपं होतं; पण ते म्हणाले, "न्हाई. नसता दिला. पोरीच्या जातीला लग्नातनं कॅमेरा घेऊन कुठं फिरवू, असंच वाटलं असतं."

मी रडले नाही. उलट हलकं वाटलं. इतके दिवस मी ज्या गोष्टीनं जळत होते, ती गोष्ट माझ्या मनाचा खेळ नव्हती.

मग अण्णांनी निकाल दिला. लग्नाला भाऊ जाईल, बाकीच्या दिवशी स्टुडिओत कॅमेरा मी चालवायचा. नवी लेन्स कपाटातून निघाली.

पुढं कारखान्याचा हंगाम संपून गावाकडं परतणारं एक ऊसतोडीचं जोडपं फोटोसाठी आलं. बाईच्या कडेवर तान्हं होतं. स्टुडिओतल्या पडद्यासमोर ती अवघडली, म्हणून मी त्यांना दारातच उभं केलं, मागं चुन्यासारखं पांढरं ऊन. अण्णा खुर्चीवरून म्हणाले, "समोरून उजेड येतोय बग." मी म्हणाले, "येऊ द्या."

त्या प्रिंटमध्ये तिच्या नाकातली चमकी, बाळाच्या टोपीची वीण, नवऱ्याच्या बोटाला, कोयत्यानं कापलं होतं तिथं बांधलेली चिंधी, सगळं आलं. तिनं फोटो हातात घेतला आणि आधी बाळाला दाखवला.

दुसऱ्या दिवशी एका गिऱ्हाइकाचं लग्न होतं. भावानं सकाळी कॅमेरा गळ्यात घातला आणि एसटी पकडायला निघाला. मी त्याला दशम्या बांधून दिल्या, दारापर्यंत गेले, आणि तो वळणाआड जाईपर्यंत त्याच्या छातीवर हिंदकळणाऱ्या कॅमेऱ्याच्या त्या कातडी केसकडे बघत राहिले.