मॅलकीच्या हातातला हात

मॅलकी हेनेहन हा कॉन सरोवरावरचा नावाडी. हौशी पाहुण्यांना नावेत घालून न्यायचं, नाव वाऱ्यावर आडवी वाहू द्यायची आणि गळाला बांधलेल्या पिसांच्या खोट्या माशीला मासा लागला की हातजाळं पुढे करायचं, यात त्याचा जन्म गेला. पाहुणे नसले की तो आणि फिंटन कॉइन दोघंच जायचे. फिंटन गावातला सुतार, बिनलग्नाचा, तोंडाने फटकळ. “तुझ्या वल्ह्यांचा आवाज ऐकून ट्राउट मासे नेफिन डोंगरावर जाऊन बसतात,” असं तो म्हणायचा. मॅलकी हसायचा आणि वल्ही मारत राहायचा.

नऊ वर्षांपूर्वीच्या एप्रिलात नावेत तिसरा माणूस होता. मॅलकीचा एकुलता एक मुलगा, डेक्लन. वय एकोणीस. खोल पाण्यावर असताना डोंगराकडून वाऱ्याचा झोत आला. डेक्लन गुंतलेली दोरी सोडवायला उभा राहिला होता, तो तसाच पाण्यात गेला. दुसऱ्या आठवड्यात बेटाजवळ सापडला. मॅलकीने बायकोला, नोरीनला, एवढंच सांगितलं की आम्ही वळून बघेपर्यंत तो दिसेनासा झाला होता.

त्यानंतर वर्षभर मॅलकी पाण्याकडे फिरकला नाही. त्याला परत नावेत बसवलं ते फिंटनने. सकाळी येऊन दारात उभा राहायचा आणि म्हणायचा, “मला एकट्याला नाव आवरत नाही.” शेवटी मॅलकी उठला. त्या दिवसाबद्दल दोघांत कधी एक शब्द झाला नाही.

गेल्या वर्षीच्या मे महिन्यात फिंटनच्या गळाला सॅमन लागला. एवढा मोठा मासा त्याला उभ्या आयुष्यात लागला नव्हता. बराच वेळ त्याने तो खेळवला, दमवला, नावेच्या कडेला आणला. मॅलकीने जाळं पाण्यात घातलं, पण जरा घाई झाली. जाळ्याची कड माशाच्या डोक्याला लागली, त्याने उसळी घेतली आणि दोरी तुटली.

फिंटन सैल दोरीकडे बघत बसला. मग म्हणाला, “गेला. तुझ्या हातात आलेलं राहतंय कुठे?”

बोलून गेल्यावर त्याचा त्यालाच अर्थ कळला. चेहरा पांढराफटक पडला. मॅलकीने जाळं खाली ठेवलं, वल्ही घेतली आणि नाव किनाऱ्याला लावली.

दुसऱ्या दिवशी फिंटन दारात आला. मॅलकीने त्याला आत घेतलं, चहा दिला, गवत कापणीचं बोलला. नावेत मात्र आला नाही. त्यानंतरही नाही.

नोरीनने काही दिवस बघितलं. मग एका दुपारी बटाटे सोलता सोलता विचारलं, “भांडलात का रे?”

“नाही.”

“मग फिंटन सारखा येऊन हात हलवत परत का जातो?”

मॅलकी म्हणाला, “डेक्लनचा हात माझ्या हातात होता, नोरीन. तो मला म्हणाला, ‘बाबा, धरलंय ना?’ मी हो म्हणालो. आणि मग सुटला.”

नोरीनने सुरी खाली ठेवली. “मला वाटायचं तो एकटाच गेला,” ती म्हणाली. “रोज हेच डोळ्यांपुढे यायचं, की पोराच्या जवळ कुणीसुद्धा नव्हतं. आणि तू हे पोटात ठेवून माझ्या शेजारी जेवत होतास.”

ती डेक्लनच्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. सकाळी कोट चढवून ती थेट फिंटनच्या सुतारकामाच्या शेडमध्ये गेली. “तू होतास तिथे,” ती म्हणाली. “काय झालं ते सगळं सांग.”

फिंटनने रंधा बाजूला ठेवला. “मॅलकी कमरेपासून नावेबाहेर लोंबत होता. मी त्याचा पट्टा धरला होता. नाव कलंडायला लागली. मला वाटलं, आता दोघंही जातात. मी त्याला मागे खेचलं.” तो थांबला. “त्याने सोडलं नाही, नोरीन. मी खेचलं म्हणून हात सुटला. आणि त्याला मी काय बोललो, तेही ऐकून घे.”

त्याने तेही सांगितलं. नोरीन घरी आली. मॅलकी अंगणात लाकडं रचत होता.

“तुला फिंटनने खेचलं होतं,” ती म्हणाली.

“माहीत आहे.”

“आणि त्याच्यावर एकदाही बोट ठेवलं नाहीस?”

“तो काय चुकला? मी तुझ्याकडे परत आलो तो त्याच्यामुळेच. म्हणून मी गप्प राहिलो. पण मासा सुटल्यावर तो जे बोलला, ते दुसरं कुणी बोललं असतं, तर चाललं असतं.”

हिवाळ्यात फिंटनच्या छातीच्या दुखण्याने उचल खाल्ली. मॅलकी कॅसलबार गावच्या इस्पितळात जाऊन त्याच्या उशाशी बसायचा. नदीला सॅमन चढले का, पाणी किती वर आलं, एवढंच बोलणं. एकदा फिंटन म्हणाला, “मी बोलायला नको होतं.”

“नको होतं,” मॅलकी म्हणाला.

त्याला आणखी काही बोलायचं होतं. उद्या बोलू म्हणून तो घरी आला, आणि त्याच रात्री फिंटन गेला. शवपेटीला मॅलकीने खांदा दिला. कबरीपाशी सगळे पांगले तरी तो तिथेच उभा होता. नोरीनने त्याला बाहीला धरून घरी आणलं.

यंदा जूनमध्ये एका निवांत दिवशी नोरीन म्हणाली, “मला ती जागा दाखव.”

नऊ वर्षांत ती नावेत बसली नव्हती. मॅलकीने नाव काढली. गळ घेतला नाही. खोल पाण्यावर आल्यावर त्याने वल्ही थांबवली आणि मानेनेच इथे म्हणून सांगितलं. नोरीनने बाही वर सारली आणि कोपरापर्यंत हात पाण्यात घातला. कितीतरी वेळ तिने तो तसाच ठेवला.

“एवढं गार?” ती म्हणाली. “जूनमध्येसुद्धा?”

“जूनमध्येसुद्धा.”

तिने हात बाहेर काढला. बोटं लाल झाली होती, नीट मिटत नव्हती; त्यांनी काहीच धरता आलं नसतं. त्या बोटांकडे बघून ती रडायला लागली, आणि मॅलकीने नाव वळवली.