कुंकवाच्या रंगाचं बियाणं

दुष्काळात आम्ही घरचं ज्वारीचं बी खाऊन टाकलं. राखेत आणि कडुलिंबाच्या पाल्यात जपलेलं ते बी आईनं मडक्यातून काढून जात्यात घातलं.

पुढच्या मृगाला बेंबळीजवळच्या आमच्या गावात सोसायटीनं संकरित बियाणं वाटलं. त्यासाठी मांडव घातला होता. चेअरमननं नारळ फोडला, उपाशी लोकांना हरितक्रांतीच्या शुभेच्छा दिल्या आणि पिशवी उंच धरून सांगितलं, "हे प्रमाणित हाय. सरकारची हमी." दाण्याला कीड मारायचं विष लावलंय, एवढं सोडून भाषणात सगळं होतं.

घरी पिशवी फोडली तर दाणे लालभडक. आमच्याकडं पेरणीआधी तिफणीची पूजा करून बियाण्याला हळदकुंकू लावायची रीत. आई म्हणाली, "बघा, सरकारनं कुंकू लावूनच धाडलंय."

"पुढच्या साली पेरून बी देतील," वडील म्हणाले.

पूजेचं बी उरलं तर आमच्या घरात ते गाईला देत. गाय गाभण होती. चारा छावणीतून जिवंत परतलेलं आमचं ते एकच जनावर. पेरणी उसन्या बैलांवर झाली होती; तिला गोऱ्हा होईल आणि घरचा बैल उभा राहील, या आशेवर वडील होते. शेताला खतही तिच्याच शेणाचं. आज ज्या शेतीला सेंद्रिय म्हणून दाखला देतात ती आम्ही करत होतो, कारण दुसरी ठाऊक नव्हती.

आईनं उरलेलं बी भिजवलं, गुळाचा खडा घातला, गाईच्या पायांवर पाणी घालून घमेलं पुढं ठेवलं. दुपारी तिच्या तोंडातून लाळ गळू लागली. मग ती बसली ती उठलीच नाही. उशिरा आलेल्या गुरांच्या डॉक्टरनं घमेल्यातलं लाल पाणी बघितलं आणि विचारलं, "हे खायला कुणी घातलं?" आई आत निघून गेली.

मेलेली गुरं ओढायचं काम गावातल्या बौद्ध वस्तीनं केव्हाच सोडलं होतं, आणि बरोबरच केलं होतं. वडिलांनी भाऊबंद बोलावून गाय बांधाकडेला पुरली. मग आठवड्यानं ते जाब विचारायला सोसायटीत गेले. सचिव पान लावत होता.

"बी उगवलं का, तात्या?"

"उगवलं."

"समदं?"

"व्हय."

"मग दाखला खरा हाय की. त्यो उगवणीचा असतो, गाईचा न्हाय."

नियमानं त्याचं खरं होतं. दाखला जेवढ्याचा असतो तेवढ्याचाच. उरलेलं लोक आपल्या श्रद्धेनं भरून काढतात.

ज्वारी गुडघ्याला आली आणि पिवळी पडू लागली. शेणखत नव्हतं, म्हणून सोसायटीतून युरिया आणला. आईनं गोणीला हात लावला नाही. वडिलांनी एकट्यानं तो रानभर टाकला. संध्याकाळी ते परतले तेव्हा आईनं त्यांना मौतीहून आल्यासारखं अंगणात उभं केलं आणि हातपाय धुतल्याशिवाय उंबरा ओलांडू दिला नाही.